चाचीचा हंडा

दिवाळी उरकली की आमच्या दुकानात नाताळाचं काम सुरू होतं. जालन्यात डीटीपी आणि फ्लेक्सचा धंदा करणाऱ्याला सगळ्या धर्मांचे सण सारखेच. गणपतीत वर्गणीच्या पावत्या, ईदला शुभेच्छांचे बोर्ड, आंबेडकर जयंतीच्या आदल्या रात्री तर मशीन बंद करायला सवड नसते. पण मी स्वतः ख्रिस्ती, त्यामुळं परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन इकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं काम माझ्याकडं वळतं. उपवास-प्रार्थनेची पत्रकं, नाताळच्या कार्यक्रमाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, शोकसंदेश, आणि एखाद्या मंडळीचा वर्धापनदिन मोठा असला तर स्मरणिका.

पूर्वी मॅटर वहीच्या फाडलेल्या पानावर यायचं. कुणाचं अक्षर लागायचं नाही, कुणी वचन बरोबर लिहून अध्याय चुकवायचा, कुणी तर नुसतं तोंडी सांगून जायचं, ‘तुम्हीच बघा काय चांगलं दिसंल ते.’ आता माणूस मोबाईल पुढं करतो. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर, मधूनमधून ताऱ्यांच्या खुणा तशाच राहिलेल्या, परिच्छेदाच्या टोकाला हात जोडलेली इमोजी. दोन ओळी वाचल्या की कळतं, हे चॅटजीपीटीचं काम. ‘आत्मिक प्रवास’, ‘आशेचा किरण’, ‘प्रेमाचा दीपस्तंभ’. दीपस्तंभ तर इतके येतात की जालना बंदराचं गाव असावं.

यावर नाक मुरडायला मी तरी मोकळा नाही. आमच्या कॉम्प्युटरमध्येही तयार वाक्यांची एक फाईल वर्षानुवर्षं आहेच. ‘प्रभूमध्ये झोपी गेले’, ‘ख्रिस्तात विसावले’, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’. नाव, तारीख, फोटो बदलला की पत्रिका तयार. शिळे शब्द वापरणं हे पाप असेल तर ते यंत्राच्या आधी आम्हीच केलेलं आहे. मयतीच्या घरी माणसाला नवीन शब्द नको असतात, सगळ्यांनी आजवर म्हटलेलेच शब्द हवे असतात, आणि त्यात गैर काही नाही.

मी स्वतः एआय रोज वापरतो. जुन्या स्मरणिका श्रीलिपीत केलेल्या, त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांची जी दैना होते ती निस्तरायला हे यंत्र फार कामाचं आहे. रफार उडालेला, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली. पूर्वी हे शोधता शोधता डोळे दुखायचे. पिवळ्या पडलेल्या फोटोवरची घडीची रेघ काढायची, लग्नाच्या ग्रुप फोटोतून एकट्या आजोबांना वेगळं करायचं, इंग्रजी पत्राचा गोषवारा काढायचा, ही कामं तर आता मिनिटांची झाली. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप उभारायची वेळ आली तेव्हा देवानं बसालेलाला नाव घेऊन बोलावलं, आणि त्याला आपल्या आत्म्यानं भरलं ते सोनं, चांदी, पितळ, लाकूड यांवरच्या कारागिरीसाठी. संदेष्टा नव्हे, राजा नव्हे, कारागीर. आमच्यासारख्यांना हा अध्याय फार जवळचा वाटतो. बसालेलाच्या हातात जे हत्यार होतं ते त्याच्या काळातलं उत्तमच असणार. तेव्हा हत्यार नवं आहे म्हणून बिचकायचं, हे मला पटत नाही.

माझे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती आणि चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरातली वचनं. खडूचा दोरा मारून रेघ आखायची, पेन्सिलीनं अक्षराची जागा धरायची आणि मग ब्रश. ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ त्यांच्यासारखे गावात कुणाचे येत नसत, असं अजून म्हातारे पेंटर सांगतात. फ्लेक्सचं मशीन आलं आणि थोड्या वर्षांत त्यांच्या पिढीचे हात रिकामे झाले. मी मशीनच्या बाजूला गेलो. घर त्यावरच चाललं. त्यामुळं यंत्रानं पोट मारलं जातं ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. आता पोरं दुकानात येऊन सांगतात, ‘डिझाइन आम्ही एआयवर करून आणलंय, फक्त प्रिंट काढा.’ म्हणजे चाक फिरून माझ्याकडं आलं.

यातली एक गोष्ट मात्र मला ख्रिस्ती म्हणून टोचते. हे यंत्र चित्र काढायला शिकलं ते लाखो चित्रकारांची चित्रं बघून, आणि लिहायला शिकलं ते लिहिणाऱ्यांचं लिखाण गिळून. त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलं नाही, दिडकी दिली नाही. मळणीच्या बैलाला मुसकी बांधायची नाही हा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम पौलानं दोन वेगवेगळ्या पत्रांत उचलला आणि माणसाच्या मजुरीला लावला. आमच्याकडं ज्यानं खळं पाहिलंय त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं, त्यामागं १८९१ साली तेराव्या लिओंनी कारखान्यातल्या मजुरांच्या बाजूनं काढलेलं परिपत्रक होतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळं श्रमाच्या प्रतिष्ठेचा तसाच प्रश्न उभा राहिलाय, असं त्यांनी निवडीनंतर दोनच दिवसांत कार्डिनलांपुढं सांगितलं. आम्ही काही पोपचे नव्हेत, आमची मंडळी स्कॉटिश मिशनच्या वळणाची. पण चांगली गोष्ट कुणी सांगितली हे बघून ती सोडायची नसते.

यंत्राच्या चित्रांचा अनुभव नाताळात येतोच. एका मंडळीला गव्हाणीच्या देखाव्याचा फ्लेक्स हवा होता. यंत्राला सांगितलं, येशूजन्माचं चित्र काढ. बर्फ पडलेलं, सूचिपर्णी झाडं, सोनेरी केसांचे देवदूत, लाकडी फळ्यांचं कोठार. मी म्हटलं, मराठवाड्यातला गोठा काढ. त्यानं राजस्थानी फेटे घातलेले मेंढपाळ आणले, मागं उंट आणि वाळूचे ढिगारे. आणखी समजावलं तर एका चकचकीत पर्यटन जाहिरातीसारखं काहीतरी आलं, त्यात मरियेच्या अंगावर पैठणी होती. बाळंत झालेली, प्रवासानं दमलेली, गोठ्यात निजलेली बाई, आणि अंगावर पैठणी! यात यंत्राचा खोडसाळपणा नाही. त्याच्या पोटात ज्याची चित्रं जास्त त्याचीच सरासरी बाहेर येते. बदनापूर तालुक्यातल्या गोठ्याचे फोटो जगात कोण कशाला टाकतंय?

आपल्या मातीतली मरिया कशी काढायची, हा प्रश्न पूर्वीही आला होता आणि एका माणसानं तो वेगळ्या तऱ्हेनं सोडवला होता. आंजेलो द फोन्सेका हे मूळचे गोव्याचे चित्रकार. शांतिनिकेतनच्या परंपरेत, अवनींद्रनाथ टागोरांकडं ते शिकले आणि पुढं पुण्यात ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहिले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, कपाळावर आपल्याकडच्या बाईचं तेज आणलं. युरोपीय मरियेची सवय झालेल्या गोव्यातल्या धर्मधुरीणांना ते रुचलं नाही, फोन्सेकांना बोलणी खावी लागली. १९६७ साली ते गेले. त्यांच्या कितीतरी चित्रांतल्या मरियेला त्यांच्या पत्नीचा, आयव्ही यांचा चेहरा आहे. म्हणजे एक खरीखुरी बाई समोर बसलेली आहे आणि एक माणूस तिच्याकडं बघतो आहे. मी फोन्सेका नव्हे. शेवटी एका सभासदाच्या शेतावर गेलो, त्यांच्या गोठ्याचा संध्याकाळच्या उजेडात फोटो घेतला. दावण, गव्हाणीत उरलेला कडबा, कोपऱ्यात टेकवलेलं टिकाव-फावडं, शेणाची पाटी. यंत्राकडून फक्त वरचं आकाश रात्रीचं करून घेतलं आणि एक तारा. तो फ्लेक्स लागला तेव्हा त्या घरची म्हातारी लोकांना हात धरून दाखवत होती, ‘ही आमची पाटी.’

आता स्मरणिकेकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

आमच्या मंडळीनं स्मरणिकेसाठी इतिहासाचं एक पान मागितलं. जालन्याच्या ख्रिस्ती इतिहासात पहिलं नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचं. कमिटीतल्या एका हुशार पोरानं एआयकडून पान लिहून आणलं. भाषा सफाईदार. त्यात शेषाद्री ‘स्कॉटलंडहून आलेले फादर’ झाले होते, आणि मरताना ते काय बोलले तेही अवतरणात दिलं होतं. सोबत चित्र: पांढरा पायघोळ झगा, गळ्यात क्रूस, मागं उंच मनोऱ्याचं दगडी चर्च.

शेषाद्री कसले स्कॉटलंडचे? ब्राह्मण घरातला मुलगा, मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडं शिकलेला, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत रण माजलं आणि बाळशास्त्री जांभेकर घ्यावं या बाजूनं उभे राहिले. हे सगळं मराठी माणसाच्या शाळकरी इतिहासाच्या हाताशी आहे. तेच नारायणराव पुढं निजामाच्या मुलखात, जालन्यात आले, सालारजंगांच्या दिवाणगिरीच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं राहायला आलेली बहुतेक माणसं मांग समाजातली. १८७३ मध्ये न्यू यॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत ते गेले ते डोक्याला पागोटं बांधूनच. आमच्या घराण्याची मुळं त्या बेथेलात आहेत. माझ्या पणजीला अक्षर आलं ते त्या गावामुळं. त्या माणसाच्या डोक्यावरचं पागोटं काढून यंत्रानं अंगात पाद्र्याचा झगा घातला, आणि ते वाचून कमिटीतल्या कुणाला काही खटकलं नाही, याचा मला जास्त धसका बसला.

हे लिहिताना यंत्रावर अन्याय नको. जुन्या मिशनचे इंग्रजी अहवाल आता स्कॅन करून ठेवलेले सापडतात. त्यातली काही पानं मी त्याच यंत्रापुढं टाकली आणि म्हटलं, यात जालना आणि बेथेलबद्दल काय आहे तेवढंच मराठीत सांग. त्यानं नीट सांगितलं, पानाचा आकडा देऊन. मी ताडून पाहिलं, बरोबर होतं. कागद पुढं असला की हा चांगला कारकून आहे. कागद नसताना विचारलं की मात्र हा कारकून सहसा ‘माहीत नाही’ म्हणत नाही. ऐटीत काहीतरी ठोकून देतो. ज्याला या दोन्हींतला फरक कळला त्याचं निम्मं काम झालं.

पण इतिहासातली चूक पकडता येते. स्मरणिकेचा दुसरा भाग होता साक्षींचा, आणि तिथं पकडणं अवघड होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या मंडळ्यांत उपासनेत, घरोघरच्या प्रार्थनासभेत, साक्षीला वेळ ठेवलेली असते. कुणीही उठावं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगावं. यात विद्वानाला मान नाही. धुणीभांडी करणारी बाई उठते आणि पाळकसाहेब खाली बसून ऐकतात. मला विचाराल तर जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती माणसांनी मराठीला दिलेलं मोठं तोंडी वाङ्मय हेच आहे आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून यावेळी ठरलं की म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी व्हॉइस मेसेजवर घ्यायच्या आणि छापायच्या. पोरांनी त्या मोबाईलवर घेतल्या, यंत्राकडून अक्षरात उतरवल्या, आणि मग ‘जरा शुद्ध करून दे’ असं त्यालाच सांगितलं.

माझ्याकडं आलं ते शुद्ध केलेलं. एका मावशींची साक्ष वाचली. दुष्काळाच्या त्या बिकट काळात परमेश्वरानं आपल्या असीम कृपेनं आमच्या सर्व गरजा चमत्कारिकरीत्या भागवल्या, माझा विश्वास क्षणभरही डळमळला नाही, अशा धाटणीचं अर्ध पान. मावशींना मी लहानपणापासून ओळखतो. ‘क्षणभरही डळमळला नाही’ असं त्या कशाला म्हणतील? मी पोराकडून मूळ आवाज मागून घेतला आणि सेटिंग करता करता हेडफोन लावून ऐकला.

मावशी २०१३ च्या उन्हाळ्याबद्दल बोलत होत्या. ज्यांनी तो जालन्यात काढला त्यांना सांगायला नको. मोसंबीच्या बागा जळाल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, शहरात टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा. मावशींचं म्हणणं जवळपास असं: ‘मालकाची मोसंबी समदी वाळली. ते बोलंनात, जेवंनात. म्या महिनाभर प्रार्थनाच केली नाही, रागानं. म्हणलं, याला ऐकू येत नसंल तर कशाला बोलायचं. टँकर आठ आठ दिवस यायचं नाही. मंग भिंतीपलीकडची चाची. तिच्याच घरात सात माणसं, तीबी पाणी इकतच घ्यायची. पर रोज सकाळी भिंतीवरून एक हंडा द्यायची. उन्हाळाभर. म्या पैसे द्यायला गेले त तिनं हात धरला न्हवं, मारला. आता मला सांगा, चाचीला हे मन कुणी दिलं? तवा म्या पुन्हा प्रार्थना केली. ही माझी साक्ष.’

शुद्ध केलेल्या पानात चाची नव्हती. हंडा नव्हता. महिनाभराचा राग नव्हता. मारलेला हात नव्हता. होतं ते एक आपोआप मिळालेलं पाणी आणि एक कधीही न डळमळणारी बाई, म्हणजे जे घडलंच नाही ते.

असं का होतं, ते धंद्यामुळं थोडंफार समजून घेतलंय. हे यंत्र पुढचा शब्द कोणता यायची शक्यता जास्त, ते बघत बघत लिहितं. त्यानं वाचलेल्या हजारो साक्षींत दुष्काळ आला की कृपा येते, संकट आलं की विश्वास अढळ राहतो. भिंतीवरून हंडा देणारी मुसलमान शेजारीण त्या वाटेवर बसत नाही, म्हणून ‘सुधारताना’ ती गळते. साक्षीत मात्र मोलाचं नेमकं तेच असतं, जे ऐकणाऱ्याला आधी सुचलं नसतं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. वाटेत एक माणूस जखमी पडलेला. याजक येतो, लेवी येतो, दोघे निघून जातात. तिसरा कोण येणार? ऐकणाऱ्या यहुद्यांनी एखादा साधा, भला यहुदीच धरला असणार. येशूनं तिथं ज्याचं तोंड बघायचं नाही असा शोमरोनी आणला. त्या दिवशी त्या जागी ‘शुद्ध करून दे’ म्हणणारं यंत्र असतं, तर लेवीच परत फिरून आला असता आणि दाखला तिथंच मेला असता.

मग मला वाटायला लागलं की कलेत एआय असावं की नसावं हा प्रश्न आम्ही उगाच फार मोठा करून विचारतो. यंत्राला आत्मा आहे का, ते देवाच्या प्रतिरूपाचं आहे का, यावर व्हॅटिकननं जानेवारी २०२५ मध्ये ‘अँटिक्वा एट नोव्हा’ हे सविस्तर टिपण काढलंय आणि माणसाची बुद्धी व यंत्राची करामत यांत गल्लत करू नका असं त्यात बजावलंय. ठीकच आहे. पण माझ्या दुकानातला प्रश्न साधा आहे. या मजकुराखाली कुणी उभं राहून म्हणणार आहे का, की हे मी पाहिलं? योहानाचं पहिलं पत्र उघडा, तो माणूस सुरुवातच कानांनी ऐकलेल्या, डोळ्यांनी बघितलेल्या, हातांना लागलेल्या गोष्टीपासून करतो. लग्नपत्रिकेला असा माणूस लागत नाही. सेलच्या बोर्डाला लागत नाही. साक्षीला लागतो, प्रार्थनेला लागतो, आणि माझ्या मते उपदेशालाही लागतो. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा दुष्ट माणसांसाठीच आहे असं आपण समजतो. गोड, निरुपद्रवी, देवाची स्तुती करणारी खोटी साक्षही खोटीच.

उपदेशावरून पाळकसाहेबांशी माझं वाजलं. तेही आता रविवारची तयारी एआयवर करतात. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण त्यांचा आठवडा मी बघतो. मोटारसायकलवर तीन ठिकाणच्या मंडळ्या, मधे दोन मयती, एक भांडण, एक दवाखान्याची फेरी, आणि शनिवारी रात्री अकराला बायबल उघडायला बसायचं. ते म्हणाले, ‘जर्मनीत तर अख्खी उपासना यंत्रानं घेतली, आमचं काय घेऊन बसलात.’ खरं आहे, जून २०२३ मध्ये फ्युर्थ गावच्या सेंट पॉल चर्चमध्ये पडद्यावरच्या बनावट चेहऱ्यांनी उपदेश केला, आशीर्वाद दिला, तीनशेच्या वर लोक जमले होते. मी म्हटलं, एकदा बघायला मीही गेलो असतो. पण त्यातल्या कुणाच्या घरी मयत झाली तर तो पडदा येईल का?

पाळकसाहेब मुरलेले आहेत. त्यांनी लगेच पौल काढला. ‘रोमकरांस पत्र पौलानं स्वतःच्या हातानं लिहिलं काय? तर्तियानं लिहिलं. लेखनिक वापरला म्हणून पत्र पौलाचं राहिलं नाही का?’

हा मुद्दा बिनतोड वाटला, आणि मी दोन दिवस त्यावर गप्प होतो. तसं बघितलं तर आपली सगळी ख्रिस्ती मराठी दुसऱ्याच्या हातांनी उभी आहे. विल्यम कॅरे बंगालात बसून मराठीचं काम करत होता, १८११ ला त्याचा नवा करार निघाला, त्याच्या मराठीमागं वैजनाथ पंडितांचा हात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकटीनं बायबल उतरवलं, पण ते छापलं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ ला ते पुस्तक बाहेर पडलं. रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मरणामुळं अपुरं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. तेव्हा एकट्याच्या हातचंच खरं, असं म्हणायला गेलं तर आपल्या हाती फार थोडं उरेल.

पण तर्तियाची गंमत अशी की तो लपत नाही. सोळाव्या अध्यायात मधेच स्वतःचं नाव सांगून स्वतःतर्फे सलाम देतो. आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल म्हणतो की आता बघा, ही मोठी अक्षरं माझ्या स्वतःच्या हातची. वाचणाऱ्याला कळतं, कुठं कुणाचा हात आहे. ‘ख्रिस्तायना’तही टिळक कुठं थांबले आणि लक्ष्मीबाईंनी कुठून पुढं नेलं हे झाकलेलं नाही. शिवाय तर्तियानं पौलाला सांगितलेलं गाळून आपल्याला शोभतं ते घातलं, असं कुणी म्हणत नाही. हे मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘मग यंत्राचाही सलाम छापा की.’

साक्षींचं काम आम्ही नव्यानं केलं. यंत्रानं आवाज अक्षरात उतरवायचा, तेवढंच. तेही सोपं गेलं नाही. आमच्या इकडची बोली त्याला अर्धीमुर्धीच कळते, ‘इकतच’चं त्यानं ‘एकटंच’ केलं होतं, म्हणजे चाची एकटीच पाणी घ्यायची. मग माणसानं आवाज ऐकत प्रूफ तपासायचं. शुद्ध करायचं नाही. कुणाला प्रमाण मराठी हवं असेल तर त्याला विचारून. आणि छपाईला जायच्या आधी ज्याची साक्ष त्याच्यापुढं बसून वाचून दाखवायची, त्यानं हो म्हटलं की खाली सही नाहीतर अंगठा. वेळ गेला, खर्च वाढला, कमिटीतल्या एकदोघांची कुरकुर झाली. एकाचं म्हणणं, चर्चच्या पुस्तकात चाची कशाला, साक्षीला ते साजत नाही. त्याला पाळकसाहेबांनीच गप्प केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

मावशींपुढं पान वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. हंडा पितळेचा नव्हता, स्टीलचा होता. पितळेचा असं पोरानं कुठून घातलं कोण जाणे, यंत्रानं नव्हे. आणि ‘रोज’ म्हटलंय ते बरोबर नाही, शुक्रवारी चाचीचं पाणी कमी पडायचं, त्या दिवशी कळशी यायची. मी ते सुधारलं. मग म्हणाल्या, चाचीला एक प्रत द्या, तिला मराठी वाचता येत नाही पण नातू वाचून दाखवंल.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर मुद्रण, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ अशी नावं असतात, त्यात मी एक ओळ घातली आहे: ध्वनिमुद्रणाचं लेखी रूपांतर व जुन्या छायाचित्रांची सफाई संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानं. कमिटीला ती ओळ नको आहे. लोक म्हणतील आपण पैसे वाचवले, असं खजिनदारांना वाटतं. प्रूफ अजून सहीविना त्यांच्याकडं पडून आहे, आणि प्रेसवाला रोज फोन करतोय.